शिवेवरची मूठभर हराळी

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी हाय. भिंगरी कसली डोंबलाची, एक पाय तर लढाईनं निम्मा करून घरी पाठवलाय. पण बसलो की आमच्या गावची शीव डोळ्यांपुढं येते, म्हणून उठतो. गोठ्यात जातो, बैलांपुढची वैरण उगाच सारखी करतो, परत येतो, पुन्हा उठतो. हे कशापायी, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

सुरुवात आफ्रिकेतून करायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. आमचं गाव कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी. भाऊबंद फार आणि जमीन थोडी, म्हणून दुसरी मोठी लढाई पेटली तेव्हा मी पलटणीत गेलो. सातवी पास होतो, वाटलं लिहिण्यावाचण्याचं काम देतील. दिली खेचरं. डोंगरात वर दारूगोळा आणि पाणी पोचवायचं. खेचरासारखं शहाणं जनावर मी दुसरं पाहिलं नाही, पण ते असो.

तिथं एकदा तापानं फणफणलो आणि तांड्याच्या मागं पडलो. मी आणि एक खेचर. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना एका वस्तीपाशी पोचलो. वस्तीच्या अलीकडं एक झाड होतं, आपल्या उंबराच्याच जातीचं, फळं तशीच खोडाला चिकटलेली. झाडापाशी पाच-सहा जण भाले घेऊन उभे. त्यांची काही चूक नव्हती. आधी एका बाजूच्या शिपायांनी त्यांची गुरं नेली होती, मग दुसऱ्या बाजूच्यांनी धान्य नेलं, आणि आता हा तिसरा आला होता तो अंगात रोग घेऊन. मी त्यांच्या जागी असतो तर भाला चालवला असता. मला वाटलं, झालं, आता आईला तार जाणार.

एवढ्यात एक म्हातारा पुढं आला. गळ्यात मण्यांची माळ, कमरेला एक फडकं. तो वाकला, पायाजवळचं मूठभर हिरवं गवत उपटलं, माझ्या हातात दिलं आणि झाडाखाली बस म्हणून बोट दाखवलं. लगेच भाले खाली गेले. मला कुणी आत घेतलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. तीन दिवस मी त्या झाडाखाली पडून होतो. सकाळ-संध्याकाळ एक बाई भोपळ्याच्या तुंब्यात ज्वारीची आंबील आणायची, दहा हातांवर ठेवायची आणि पाठ फिरवून जायची. आंबील आईच्या हातची वाटायची, जरा जास्त आंबट. हातातलं गवत सुकायला लागलं की म्हातारा नवं आणून द्यायचा.

पलटणीचा दुभाषा मला हुडकत आला तेव्हा त्यानं उलगडा केला. हातात हिरवं गवत असलं की माणूस देवाच्या हवाली. त्याला गावात घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण शिवेवरून हाकलायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. वाळलेल्या गवताला मात्र मान नाही, ते छपरावर घालायला. त्यांचा देव कोणता, त्याचं नाव काय, मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा जीव त्यानं राखला एवढं कळलं.

पुढं दोन-तीन महिन्यांनी खेचरासकट घसरलो, पाय मोडला, आणि पलटणीनं मला घरी धाडलं. लढाईच्या गोष्टी ऐकायला गावातली माणसं जमायची. त्यांना तोफा हव्या असायच्या. गवताची गोष्ट आवडली ती एकटीला, माझ्या पाठच्या बहिणीला. ती नदीच्या खालच्या गावात दिलेली, आमच्यापासून बैलगाडीनं तासाभराची वाट. पंचमीला माहेरी आली तेव्हा तिनं ती गोष्ट मला तीनदा सांगायला लावली.

"आन गवत वाळलं तर रं दादा?"

"मग दुसरं उपटायचं. हिरवंच लागतं."

"लई ब्येस हाय की ह्ये. मग आपल्यात का न्हाई करीत आसं?"

"आपल्यात गवत बैलं खात्यात," मी म्हणालो. ती हसून हसून बेजार झाली. हसली की तिला उचकी लागायची, लहानपणापासून. आईनं आतून ओरडून पाणी पी म्हणून सांगितलं.

पुढच्या आषाढात गावात पटकी शिरली. नदीकडच्या आळीतली दोन माणसं सकाळी उलट्या-जुलाबानं धरली आणि दिवस मावळायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ज्यानं पटकीचं मरण पाहिलंय त्याला भीती काय ते सांगावं लागत नाही. धडधाकट माणूस दुपारपर्यंत चिपाडासारखा होतो. गावात लोक एकमेकांच्या ओसरीवर जाईनात. मग कुणीतरी म्हणालं की नदीकाठी पाथरवटांची पालं पडलीत, त्यांनीच पाणी नासवलं. झालं, पोरं काठ्या घेऊन पारावर जमली. त्या दिवशी ती पालं जळली असती, मी पैजेवर सांगतो.

तेवढ्यात भगत अंगात आल्यागत थरथरत पारावर आला आणि म्हणाला, पटकीची मरीआई गाडा मागतीय. एवढ्या एका वाक्यानं काठ्या खाली आल्या. सगळ्यांना काहीतरी काम मिळालं. सुतारानं दुपारपर्यंत गुडघाभर उंचीचा लाकडी गाडा केला. बायकांनी हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, लिंबाचा पाला, दहीभात आणला. घराघरातून मूठ मूठ धान्य आलं, आणि पाथरवटांकडनंही आलं, तेही घेतलं. देव म्हणजे खुळेपणा असं म्हणणारे शिकलेले लोक पुढं मला पुष्कळ भेटले. त्यांनी आमच्या गावची त्या दुपारची तोंडं पाहायला हवी होती. सकाळी जी माणसं एकमेकांचा जीव घ्यायला उठली होती, ती संध्याकाळी हलगीच्या मागं एका रांगेत चालत होती.

आता गाड्याची रीत अशी. तो ओढत नेऊन खालच्या गावच्या शिवेवर ठेवायचा. आईसाहेब आमचं दुखणं घेऊन गेल्या. मग खालचं गाव पूजा करून तोच गाडा त्याच्या पुढच्या गावाच्या शिवेवर नेणार, आणि ते त्याच्याही पुढच्या. आमचं खालचं गाव म्हणजे माझ्या बहिणीचं गाव. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण सगळेच असं करतात, बापजाद्यांपासून करत आलेत, त्यात आपण काय वेगळं करतोय, असं मी मनाला सांगितलं आणि मनानं ऐकलं.

गाडा गेला की पाच दिवस शीव बंद. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. नदीवर धुणं नाही, जात्यावर दळण नाही. मोडलं तर मरीआई उलट्या पावली परत येते. शिवेवर कुणी उभं राहायचं, तर पाटील म्हणाले, "तू पलटनीतला. तुझ्यावानी माणूस दुसरा न्हाई." मला ते गोड लागलं. लंगडा होऊन आल्यापासून कुणी मला कामाचा माणूस म्हटलं नव्हतं. देवळात सगळ्यांदेखत मी बेलभंडारा उचलला, की पाच दिवस जिवंत माणूस शिवेच्या आत येऊ देणार नाही, मग तो सख्खा का असेना. 'सख्खा' हा शब्द पाटलांनी सांगितला नव्हता. तो माझ्या पदरचा. तोंडाला तेवढा जोर आला होता.

शिवेवर एक लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला म्हसोबा. त्याच्या आतल्या बाजूला मी काठी आणि पलटणीचा कोट घेऊन उभा राहिलो. पन्नास पावलं मागं कोतवाल बसलेला, निरोप न्यायला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आरोग्य खात्याचा माणूस सायकलवर आला. विहिरीत टाकायचं लाल औषध त्याच्याजवळ होतं. मी त्याला अडवला. तो चिडला, मग काकुळतीला आला. शेवटी मीच डोकं चालवलं. म्हटलं, बंदी माणसाला हाय, पुडीला न्हाई. त्यानं पुड्या म्हसोबापुढं ठेवल्या, किती टाकायचं ते लांबून ओरडून सांगितलं. मी त्यांवर भंडारा टाकला आणि कोतवालाकरवी आत पाठवल्या. पाटलांनी निरोप धाडला, बरोबर केलंस. तेव्हा मला माझ्या अकलेचा मोठा अभिमान वाटला. आज तीच गोष्ट मला जास्त खाते. नियम वाकवता येतो हे मला कळत होतं आणि तो मी वाकवलाही होता.

तिसऱ्या दिवशी, दुपार टळताना, खालच्या वाटेनं एक बैलगाडी आली. बैल मी ओळखला. गाडीत माझी बहीण होती. नववा महिना लागलेला. हाकायला पाव्हणं, म्हणजे तिचा नवरा.

"दादा, सरक की बाजूला," ती हसत म्हणाली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

"शीव बंद हाय."

"मला बी?"

"समद्यांनाच."

पाव्हणं खाली उतरले. ते फार कमी बोलणारे. म्हणाले, "तुमच्या गावचा गाडा आमच्या शिवेवर उभा हाय. आज दिस मावळतीला आमचं गाव त्यो फुडं नेनार आन शीव बांदनार. आमच्या आईनं सांगितलं, पोरगी पोटुशी हाय, तिला म्हायेरी पोचीव. ज्यांनी गाडा धाडला त्यांच्या गावात आता भ्या न्हाई."

मी म्हणालो, "दोन दिस ऱ्हायल्यात. परवा घिऊन या."

"परवा कसं यायचं? आमची बी शीव बंद हुनार न्हवं का."

मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मागं कोतवाल उठून उभा राहिलेला मला दिसला. बहीण गाडीतून सावकाश उतरली, पाव्हण्यांचा हात धरून. बांधापाशी गेली. एक हात कमरेवर ठेवून वाकली आणि हराळी उपटली. आषाढातली हिरवीगार हराळी, मुळाला माती लागलेली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मूठ पुढं केली. मग लिंबाच्या झाडाकडं पाहिलं.

मला तिचं म्हणणं अगदी स्वच्छ कळलं. गावात नको घेऊस. नुसतं त्या झाडाखाली बसू दे. आईला निरोप धाड, ती लांबून भाकरी ठेवील. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. यात माझा बेलभंडाराही मोडत नव्हता, कारण लिंब शिवेच्या बाहेरच्या अंगाला आहे. नियमात बसत होतं, माणुसकीत बसत होतं, आणि ज्या रीतीनं माझा जीव वाचला तीच ती रीत होती. मीच तिला शिकवली होती.

मी भ्यालो. दुसरं काही नाही. माझ्या मनात आलं की ती गाड्याच्या गावाहून आलीय, आणि उद्या गावात आणखी एक मेला तर लोक म्हणतील, याच्या बहिणीनं मरीआईला परत आणलं. पारावरच्या त्या काठ्या मी पाहिल्या होत्या. त्या आमच्या दाराशी येतील असं मला दिसायला लागलं. तोंडातून निघालं ते असं: "दादाला प्येचात घालू नगंस. माघारी जा."

तिनं हातातल्या गवताकडं पाहिलं. मग ते बैलापुढं टाकलं. बैलानं दोन घासांत संपवलं.

"आपल्यात गवत बैलं खात्यात, न्हवं," ती म्हणाली, आणि गाडीत चढून बसली. पाव्हण्यांनी गाडी वळवली. गाडी दिसेनाशी होईस्तोवर मी बघत उभा होतो. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी मारली नाही.

आईला मी काही सांगितलं नाही, आणि कोतवालालाही बोलू दिलं नाही. ते दोन दिवस मी शिवेवर उभा राहू शकलो नाही, नुसता लिंबापासून बांधापर्यंत आणि बांधापासून लिंबापर्यंत फिरत होतो. तेव्हापासूनची ही खोड.

पाचवा दिवस सरला. गावात नंतर एकही माणूस मेलं नाही. मरीआई पावली म्हणून गावजेवण झालं. पाटलांनी मला नारळ दिला आणि गुलाबी फेटा बांधला. पाथरवटांची पालं जागच्या जागी होती, त्यांची पोरं जेवायला बसली होती. हे सगळं मरीआईनं केलं, की लाल औषधानं केलं, की शीव बांधल्यानं झालं, मला ठरवता येत नाही. तिन्हींच्या कामात माझा हात होता, आणि मला घास गिळवेना.

नवव्या दिवशी, खालच्या गावची शीव उघडल्यावर, निरोप आला. बहिणीची गाडी परत पोचली तोवर त्यांच्या गावानं शीव बांधली होती. तिथं पहाऱ्यावर पाव्हण्यांचा चुलतभाऊ. त्यानंही बेलभंडारा उचललेला. त्यानंही माझ्यासारखंच केलं. मग दोघं दोन गावांच्या मधे, कुणाच्या तरी मळ्यातल्या पडक्या खोपटात राहिली. तिथंच तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. मेंढरं घेऊन चाललेल्या एका धनगराच्या बाईनं नाळ कापली. मुलगी झाली. दोघी जगल्या. त्यांच्या गावात तेवढ्या दिवसांत पाव्हण्यांची आई पटकीनं गेली होती, सुनेला माहेरी धाडणारी तीच.

लोक मला समजावतात. म्हणतात, आरं, तू माघारी धाडलीस म्हनून ती मधल्या मधी वाचली. सासरी असती तर सासूबरोबर गेली असती. हे बोलणाऱ्याच्या तोंडात मारावंसं वाटतं. ती वाचली ती तिच्या नशिबानं आणि त्या धनगरणीच्या हातानं. त्याचं माप माझ्या पदरात कुणी घालू नये.

आई ते ऐकून उठली. भाकरी फडक्यात बांधल्या, तिखट-तेल घेतलं आणि चालत खालच्या गावाला गेली, मला गाडी जुंप म्हणाली नाही. दहा दिवसांनी परतली. पुढं रोज मला ताट वाढत राहिली, पण 'जेव' म्हणायची ते थांबलं. फेटा मी पुन्हा कधी बांधला नाही. तो तिनं एक दिवस बैलाच्या झुलीला लावून टाकला.

बहीण त्यानंतर माहेरी आली नाही. कोल्हारच्या बाजाराला जाताना ती लिंबाखाली गाडी थांबवायची आणि आईला निरोप धाडायची. मायलेकी तिथं म्हसोबापाशी बसायच्या, पोर मधे खेळायची. दिवाळीला तिथंच, पंचमीला तिथंच. मी दोनदा गेलो. ती वाईट काहीच बोलली नाही. "बरा हाईस का," एवढंच विचारलं. नवख्या माणसाला विचारावं तसं. मी म्हणालो, घरी चल. ती म्हणाली, "हितं बरं हाय. हितनं कुनी उठवीत न्हाई."

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वैशाखात आई गेली. खालच्या गावाला माणूस पळवला. लेक आल्याशिवाय उचलायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. उन्हं तापलेली, अंगणात माणसं खोळंबलेली. म्हातारे म्हणायला लागले की आता फार वेळ ठेवता यायचं नाही. मला वाटायला लागलं की ती लिंबापाशी थांबेल आणि आईला तिथं न्या म्हणेल. मेलेल्या आईला शिवेवर कसं न्यायचं. मी उठलो आणि तसाच अनवाणी, लंगडत शिवेवर गेलो.

गाडी आली. बहीण उतरली, बरोबर पाच-सहा वर्षांची पोर. ती लिंबाच्या बाहेरच्या अंगाला उभी राहिली, नेहमीच्या जागी. डोळे रडून सुजलेले. मी आतल्या अंगाला. मधे म्हसोबा.

मी बांधापाशी गेलो, वाकलो, आणि हराळी उपटली. एका हातानं निघेना म्हणून दोन्ही हातांनी उपटली. मुळं बोटांना कापली. तिच्यापुढं जाऊन मूठ धरली. मी पोरासारखा रडत होतो.

तिनं माझ्या मुठीकडं बघितलं. पोरीनंही बघितलं.

"वाळल्यालं हाय, दादा," ती म्हणाली, आणि पोरीचा हात धरून माझ्या बाजूनं गावात गेली.